पाळीचं पाणी

निदिया सुट्टीला यायची म्हटलं की त्रान्सितो आधी तिच्या खाटेवरचे बटाटे हलवायची. पोरगी क्वेंका शहरात कायदा शिकायला गेल्यापासून ती खाट बियाण्याच्या बटाट्यांची झाली होती. खोली अंधारी आणि गार, कोंब फुटायला तीच बरी. या ऑगस्टातही तिने बटाटे टोपल्यांत भरून चुलीमागे नेले, गादी वाऱ्यावर टाकून काठीने बडवली. तरी मातीचा वास राहिलाच.

"इथे बटाटे ठेवतेस ना गं आई?" आल्या दिवशीच निदियाने उशीला नाक लावून विचारलं.

"न्हाई बाई. घरच जुनं हाय, वास येतो."

असेन्सियो दारात विळ्याला धार लावत बसला होता. बायको खोटं बोलली हे ऐकून त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

घरात आईबाप किचुआत बोलायची आणि पोरगी उत्तर स्पॅनिशमधून द्यायची. कळत तिला सगळं होतं, जीभ तेवढी शहराला सरावली होती. पहिल्या रात्री त्रान्सितोने चुलीपाशी पाळलेल्या गिनीपिगांतला सगळ्यांत जाड निवडून भाजला. निदियाने एक तंगडी कुरतडली आणि उकडलेला मका तेवढा खाल्ला. "पोट भरलं," म्हणाली. उरलेलं असेन्सियोने खाल्लं.

एरवी तो पहाटे उठल्याबरोबर रेडिओ लावायचा. पोरगी झोपलीय म्हणून आता लावेना. त्रान्सितोला खोकला आला की ती अंगणात जाऊन खोकून यायची. आपल्याच घरात दोघं पाय न वाजवता वावरत होती. निदियाही काही मजेत नव्हती. ती भांडी घासायची, आणि आई तीच भांडी तिच्या माघारी पुन्हा विसळायची. तिने मिठाचं मडकं जरा हाताशी ठेवलं, ते संध्याकाळपर्यंत पहिल्या जागी गेलेलं असायचं. कुणी कुणाला बोलत नव्हतं. दिवस मावळला की मात्र तिघंही दमलेली असायची.

थोरला लिसार्दो न्यूयॉर्कला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. चोरवाटेने गेला होता, त्यामुळे आला तर परत जाता येत नव्हतं. म्हणून येतच नव्हता. दर रविवारी फोनवर त्याचा नुसता आवाज यायचा. येणारं पोर म्हणजे निदिया एकटीच. तिला दुखवायचं नाही, एवढं नवराबायकोने न बोलता ठरवून टाकलं होतं.

त्या आठवड्यात पाण्याची पाळी आली. वरच्या उतारावर जव पिकून पिवळा पडला होता. त्याला पाणी नको होतं. पण घराखालचा वाटाणा ऐन फुलात होता आणि पाऊस अजून लांब होता. उजाडायला मायलेकी फावडी घेऊन पाटावर गेल्या. निदियाने शहरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरली. हात तिचे विसरले नव्हते. आई सऱ्यांची दारं फोडायची, ती बुजवायची. एका सरीतून दुसऱ्या सरीत पाणी सरकत होतं. वाऱ्याने डोळ्यांत माती जात होती, तरी त्रान्सितोला बरं वाटत होतं. घरात जे जमत नव्हतं ते इथे आपसूक जमत होतं.

दुपार व्हायला अजून बराच अवकाश होता, तेवढ्यात पाणी बारीक झालं. बघता बघता पाट नुसता ओला उरला.

"फुटला वाटतं वर," निदिया म्हणाली. "बघून येते."

"नको जाऊ. हुईल आपोआप."

"आपोआप कसं होईल? आपली पाळी दुपारपर्यंत आहे."

ती पाटाच्या कडेने चढून गेलीसुद्धा. त्रान्सितो फावड्यावर हात टेकून उभी राहिली. वर काय दिसणार हे तिला ठाऊक होतं.

वरच्या वळणावर रुदेसिंदोने पाटाची फळी उचलून आपल्या लसूणघासाकडे लावली होती, आणि टोपी डोळ्यांवर ओढून तो बांधावरच्या धोंड्यावर बसला होता. रुदेसिंदो किस्पी निदियाचा धर्मबाप. ती तान्ही असताना बाप्तिस्म्याला त्यानेच तिला हातांवर धरलं होतं. त्याला मूलबाळ नव्हतं, आणि बायको नातिविदाद वारल्यापासून घरात तो एकटा आणि गोठ्यात तीन घोडी.

"आलीस व्हय गं पोरी?" त्याने टोपी मागे सारली. "वाळलीस की. खायला घालत न्हाईत व्हय तितं? ये संध्याकाळी, घोड्यावर बसवतो."

निदियाने फळीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "येईन, धर्मबाबा," एवढंच म्हणून ती उतरली. खाली आल्यावर तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आई, तो आपलं पाणी घेतोय."

"घेऊ दे. वाईच घेतो."

"म्हणजे तुला माहीत आहे?"

त्रान्सितोने फावडं धुतलं. "घोड्यांस्नी चारा लागतो त्याच्या."

"आणि आपल्या वाटाण्याला पाणी लागत नाही? खालच्या दोन सऱ्या करपल्यात बघ. किती वर्षं चाललंय हे?"

"निदिया, ऱ्हाऊ दे."

रात्री जेवताना तिने तेच बापाला विचारलं. असेन्सियोने ताटातला मका चिवडला. "तो आपला मानूस हाय," तो म्हणाला.

"आपला माणूस आपल्याच पाटाची फळी उचलतो का बाबा? तुम्ही घाबरता त्याला. इथं सगळे सगळ्यांना घाबरतात, म्हणूनच असं चालतं."

असेन्सियोने ताट पुढे सारलं आणि तो गुरं बघायला बाहेर गेला. गुरं केव्हाच बांधून झाली होती.

रविवारी प्रार्थनेनंतर पाटाची बैठक होती. निदिया म्हणाली, मीही येते. वाटेत त्रान्सितोने तिची बाही धरली. "बस हवं तर. पर तितं काय बोलू नगंस."

"बघू," निदिया म्हणाली.

सभागृहात पुरुष बाकांवर बसले होते, बाया भिंतीकडेने खाली. हातांतल्या चात्यांवर लोकर कातली जात होती, लेकरं रांगत होती. पाटाची अध्यक्ष होनोराता मोठ्या आवाजाची बाई होती. टाकीतला गाळ, फुटलेली नळी, कामाला न आलेली माणसं, असं एकेक निघालं. शेवटी तिने विचारलं, "आनखी कुनाचं काय?"

निदिया उभी राहिली. त्रान्सितोच्या हातातली चाती जमिनीवर पडली आणि घरंगळत गेली.

पोरगी चांगलं बोलली. हे पुढेही सगळे कबूल करत. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. पाणी सगळ्यांचं आहे, पाळी मोडणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उचलणं, आणि मोडणारा जवळचा असला म्हणून गप्प बसणं हाही त्यातलाच वाटा. मग तिने नाव घेतलं. बाहेर छपराचा पत्रा वाऱ्याने वाजत होता.

होनोराता त्रान्सितोकडे वळली. रान आणि पाणी त्रान्सितोला बापाकडून आलेलं, म्हणून पाळी तिच्या नावावर होती. "त्रान्सितो, तू सांग. पोर म्हनती ते खरं हाय का?"

त्रान्सितो उठली. समोर तिसऱ्या बाकावर रुदेसिंदो तिच्याकडेच बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता. पाय घसरलेल्या गड्याने आधाराला हात पुढे करावा तशी ती नजर होती. आणि शेजारी निदिया, शहरी पँटमध्ये, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली. नाही म्हणावं तर साऱ्या गावासमोर पोरगी खोटी पडते. जिचं कौतुक तिने याच बायांपाशी बसून केलं होतं, ती पोरगी. असेन्सियोकडे पाहिलं, तर तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"व्हय," ती म्हणाली. "खरं हाय."

रुदेसिंदोचं तोंड उघडलं. त्याच्यापाशी सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि ते काय आहे हे त्या खोलीत तिघांनाच ठाऊक होतं. मग त्याने तोंड मिटलं. उठून टोपी काढली, छातीशी धरली. इथल्या पुरुषांची असते तशी त्याची पाठीवरची वेणी पांढरी झालेली, बारीक झालेली. टोपीखाली ती कधी एवढी दिसत नसे.

"घेतलं मी पानी," तो म्हणाला. "चूक झाली."

पाऊस लागेपर्यंत त्याची पाळी बंद, आणि वरच्या टाकीतला गाळ एकट्याने काढायचा, असं ठरलं. मागच्या बाकांवरून कुणीतरी हसलं. "घोड्यांस्नी आता कोकाकोला पाज, रुदेसिंदो." दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. त्या हसण्याला की निदियाला, ते कळलं नाही. तो टोपी हातातच धरून बाहेर गेला.

परतताना निदिया सबंध वाट बोलत होती. तिचे गाल तांबडे झाले होते. "बघितलंस? एवढंच करायचं होतं. तू हो म्हणालीस ते किती बरं केलंस आई." असेन्सियो लांब टांगा टाकत पुढे निघून गेला होता. "दमलीये मी," त्रान्सितो म्हणाली, म्हणून पोरगी गप्प झाली.

पुढच्या पाळीला दुपारपर्यंत भरून पाणी आलं. इतकं की शेवटच्या सऱ्या फुटून वाटाण्याची मुळं उघडी पडली. पाणी सांभाळायला तिघं कमी पडत होती. वर मान केली की लसूणघासाचा तुकडा दिसे, कडेने पिवळा पडलेला, आणि त्याच्याही वर टाकीपाशी एक वाकलेलं माणूस, फावड्याने गाळ उपसताना. त्याच आठवड्यात रुदेसिंदोने घोडी कान्यारच्या बाजारात नेली. येताना दोर खांद्यावर टाकून एकटा आला. त्यांच्या घरावरून गेला, पण थांबला नाही.

जव कापून झाला होता. अंगणाखालच्या खळ्यावर पेंढ्यांची गंजी रचली होती. खळ्याच्या मधोमध तिवड्याचा खांब रोवलेला. दरवर्षी रुदेसिंदो त्या खांबाला आपली घोडी जुंपून मळणीची पात धरायचा. शीळ घालत दिवसभर फिरवायचा, घोड्यांना नावं घेऊन चिडवायचा, आणि संध्याकाळपर्यंत जव मळून व्हायचा. या वर्षी कुणी आलं नाही. यंत्रवाल्याने एवढ्याशा गंजीसाठी तो चढ चढायला नकार दिला.

"काठ्यांनी बडवू," असेन्सियो म्हणाला.

तिघांनी बडवायला घेतलं. पेंढी पसरायची, दोन्ही हातांनी काठी डोक्यावर न्यायची आणि खाली आणायची. दाणे उडून तोंडावर बसत, कुसळं गळ्यात, काखेत शिरत. पहिल्या दिवशी निदियाच्या तळहातांना फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले. तिने फडकं बांधलं पण काठी सोडली नाही. असेन्सियोची कंबर धरली. तो बसून मारायला लागला आणि मग आडवा झाला. त्रान्सितोला धुळीने खोकल्याची उबळ येई, काठी टेकून ती खोकत राही.

"दरवर्षी असंच करता तुम्ही?" निदियाने घाम पुसत विचारलं.

"न्हाई."

"मग?"

त्रान्सितोने पेंढी उलटली. सांगावं की नाही हे तिचं ठरत नव्हतं. पण अंग दुखत होतं, आणि दुखणाऱ्या अंगाने माणूस बोलून जातो.

"तुज्या धर्मबाबाची घोडी मळायची. नांगरटबी तोच करायचा. लिसार्दो गेल्यापासनं. तुज्या बापाची कंबर गेली तवा सबंध पेरनी त्यानं केली."

निदियाची काठी खाली आली. "काय घ्यायचा?"

"काय न्हाई. जेवायचा."

वाऱ्याने भूस उडालं आणि दोघींच्या मधून गेलं. निदिया बराच वेळ वरच्या पिवळ्या तुकड्याकडे बघत होती.

"मग ते पाणी..."

"काय ठरलं न्हवतं. त्यो कदी बोलला न्हाई, आमी कदी बोललो न्हाई. घोडी आमच्या रानात राबायची, मग चाऱ्याला पानी लागलं तर लागलं."

"मला सांगितलं का नाही? मी विचारलं होतं आई. दोनदा विचारलं होतं."

"बोलून दाखवायची गोष्ट न्हवती ती. बोललं की मजुरी हुती."

"आणि सभेत? तिथे तरी सांगायचं. त्यानं तरी."

"त्यानं सांगितलं असतं तर तू काय दिसली असतीस?" त्रान्सितो म्हणाली. तिला एवढं कठोर बोलायचं नव्हतं. शब्द निघून गेले. निदिया खळ्याच्या कडेला जाऊन पाठ करून उभी राहिली. असेन्सियो पडल्या पडल्या म्हणाला, "काटी उचला. वारं पडलं की उपनता यायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी निदिया म्हणाली, मी माफी मागून येते. एकटीचं धाडस होईना, म्हणून आई बरोबर गेली. पोरीने दुकानातून गोड पाव घेतले होते, ते शालीत गुंडाळून धरले होते. रुदेसिंदोच्या अंगणात कुत्रं भुंकलं नाही, ओळखीचं होतं. गोठा झाडून ठेवलेला होता. त्यात काही नव्हतं.

तो दारात आला. दोघींना पाहिलं आणि टोपी काढली.

"या बाईसाहेब," तो निदियाला म्हणाला. "बसा."

तिला वाटलं, चेष्टा करतोय. "धर्मबाबा, मी..."

"बसा आदी. उभं ऱ्हाऊ नये." खांद्यावरचं घोंगडं काढून त्याने बाकावर घडी घालून पसरलं. हाताने झटकलं. मग आत गेला. चूल फुंकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. दोघी घोंगड्यावर बसून राहिल्या. तो आला तो चिनी मातीच्या ताटलीत दोन उकडलेली अंडी आणि मीठ घेऊन. इकडे अशी अंडी ताटलीतून पुढे करतात ती पाद्र्याला, नाहीतर वरून आलेल्या साहेबाला. घरच्या माणसाच्या हातात मक्याचं कणीस देतात, तेही आतल्या चुलीपाशी.

"धर्मबाबा, मला माहीत नव्हतं. घोड्यांचं, मळणीचं. कुणी सांगितलंच नाही मला. मी चुकले."

"तुमचं कुटं चुकलं? पाळी तुमची व्हती. कायदा तुमास्नी ठावा हाय, आमी आडानी मान्सं." आवाज अगदी सरळ होता. त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. "खावा. गार हुतील."

निदियाने अंडं सोलायला घेतलं. फोड फुटलेल्या बोटांना मीठ झोंबलं. तो समोर उभा होता, टोपी हातात. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"मला रागवा तरी," ती म्हणाली. तिच्या तोंडात घास तसाच होता.

"राग कशाचा बाईसाहेब?"

त्रान्सितोने पाव पुढे केले. त्याने दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले. "लई उपकार झाले, त्रान्सितोबाई," तो म्हणाला.

इतकी वर्षं तो तिला वैनी म्हणत होता. नातिविदादच्या मयताला, लिसार्दो गेला त्या दिवशी, नेहमी वैनी. त्रान्सितोने शाल डोक्यावरून पुढे ओढली आणि पोरीला उठवलं.

उतारावर निदिया रडत होती, तोंड न लपवता, लहानपणी रडायची तशी. "मी खोटं तर बोलले नव्हते ना आई?" तिने मध्येच विचारलं.

"न्हाई," त्रान्सितो म्हणाली. "खोटं कुनीच बोललं न्हाई."

सुट्टी अजून शिल्लक होती. पण जेवताना निदिया म्हणाली, परीक्षेचा अभ्यास आहे, ग्रंथालय लवकर उघडतंय, उद्याच निघते. दोघांनीही थांब म्हटलं. तिने नको म्हटलं. पुन्हा एकदा म्हटलं, तिने पुन्हा नको म्हटलं. मग त्रान्सितो भाजलेला जव दळायला बसली, पिठाची पिशवी करून द्यायला.

सकाळी तिघं रस्त्यावर गेली. असेन्सियोने पिशवी उचलली होती, कंबर धरलेली असूनही. बस आली तेव्हा निदियाने आधी बापाला मिठी मारली, मग आईला. तिच्या केसांत अजून कुसळं होती. एक दोन त्रान्सितोने वेचून काढली.

"डिसेंबरात येते," निदिया म्हणाली. आणि हे ती किचुआत म्हणाली.

"ये," त्रान्सितो म्हणाली.

बस धूळ उडवत वळणाआड गेली. दरवेळी इथे तिचं रडू फुटायचं, बाकीच्या बाया तिला चिडवायच्या. आज ती उभी राहिली आणि वाट बघत राहिली, पण काही फुटलं नाही. उलट खांदे खाली आले. छातीशी आवळलेली शाल हातांनी आपसूक सैल केली. पोटातून एक मोठा श्वास निघाला, दिवसभराचं ओझं दारात टाकल्यावर निघतो तसा. हायसं वाटलं. आणि ते पोरगी गेल्याचं आहे हे कळलं तेव्हा ती रस्त्याच्या कडेला धुळीत बसली.

"काय झालं?" असेन्सियोने विचारलं.

"काय न्हाई. तुमी व्हा म्होरं."

तो पुढे गेला नाही. तिच्यापासून थोडं अंतर ठेवून तोही कंबर सावरत खाली बसला. रस्ता रिकामा होता. बसची धूळ अजून खाली बसली नव्हती.

"मलाबी," तो म्हणाला. "मलाबी बरंच वाटलं गं."

तेव्हा कुठे ती रडायला लागली.